एकाकी कळपांचे गणित मांडणारे सिवॉल राइट

जंगलात एखाद्या प्रजातीचे किती प्राणी उरले आहेत, एवढ्यावरून तिचे भवितव्य ठरत नाही. ते एकमेकांपर्यंत पोहोचू शकतात की नाही, हेही पाहावे लागते. या विचाराला गणिताची बैठक देणारे अमेरिकी शास्त्रज्ञ म्हणजे सिवॉल राइट.

राइट यांचा जन्म २१ डिसेंबर १८८९ रोजी मॅसॅच्युसेट्समधील मेलरोज येथे झाला. वडील इलिनॉयमधील लोम्बार्ड कॉलेजात प्राध्यापक होते. हार्वर्ड विद्यापीठातून १९१५ मध्ये डॉक्टरेट मिळवून राइट अमेरिकेच्या कृषी खात्यात रुजू झाले. तेथे १९०६ पासून गिनिपिगच्या सख्ख्या भावंडांपासून पिढ्यान्‌पिढ्या संतती घेण्याचा प्रयोग चालू होता. त्याच्या नोंदी राइट यांच्या हाती आल्या. पिलांची संख्या आणि जोम घटत होता. प्रत्येक वाणाचे रूप मात्र वेगळ्याच दिशेने बदलत होते. दोन वाणांचा संकर केला, की हरपलेला जोम परत येई. १९२२ मध्ये त्यांनी अशा अंतःप्रजननाचे प्रमाण मोजण्याचा गुणांक मांडला.

१९२६ मध्ये ते शिकागो विद्यापीठात गेले. १९३१ च्या त्यांच्या प्रदीर्घ निबंधाने लोकसंख्या-जनुकशास्त्राचा पाया घातला. लहान, एकाकी समूहात काही जनुके निव्वळ योगायोगाने नाहीशी होतात, हे त्यांनी दाखवले. डोकी मोजून भागत नाही, हेही त्यांच्या सूत्रातून स्पष्ट झाले. शंभर प्राण्यांच्या कळपात प्रजननक्षम नर दहा आणि माद्या नव्वद असतील, तर जनुकीय हिशेबाने तो कळप अवघ्या छत्तीस प्राण्यांचा ठरतो. मात्र दर पिढीला सरासरी एखादा परका प्राणी येऊन प्रजननात सामील झाला, तरी ही झीज बरीच रोखली जाते.

एकाकीपण सर्वस्वी घातकच, असे मात्र राइट मानत नव्हते. अधूनमधून संपर्क असलेले छोटे समूह उत्क्रांतीला नव्या वाटा खुल्या करतात, असे त्यांचे मत होते. यावरून ब्रिटिश शास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ वाद झाला. अंतरामुळे निर्माण होणाऱ्या विलगतेचा सिद्धांत त्यांनी १९४३ मध्ये मांडला. शिकागोतून निवृत्त झाल्यावर ते विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले आणि तेथे १९६८ ते १९७८ या काळात त्यांचा चार खंडांचा ग्रंथ सिद्ध झाला. ३ मार्च १९८८ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी मॅडिसन येथे त्यांचे निधन झाले.

पुढे सातच वर्षांनी या गणिताची जंगलात कसोटी लागली. फ्लोरिडातील प्यूमांची संख्या वीस-तीसवर आली होती. वाकड्या शेपट्या आणि हृदयातील दोष त्यांच्यात वाढले होते. १९९५ मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडण्यात आल्या. संकरातून जन्मलेली पिल्ले अधिक सुदृढ निघाली आणि काही वर्षांतच प्यूमांची संख्या वाढू लागली. गिनिपिगच्या पिंजऱ्यात दिसलेले सत्य फ्लोरिडाच्या दलदलीतही खरे ठरले.