पहिली आली, पण हरवली!

मैत्रिणींनो, पणजीच्या गोष्टी घराघरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. पण ती पणजी आपली नव्हेच, असं निघालं तर? आयर्लंडच्या अ‍ॅनी मूरच्या बाबतीत अगदी असंच झालं.

अ‍ॅनी कॉर्क परगण्यातली. आई-वडील आधीच न्यूयॉर्कला गेलेले. १८९१ च्या डिसेंबरात १७ वर्षांची अ‍ॅनी अँथनी आणि फिलिप या धाकट्या भावांना घेऊन ‘नेवाडा’ बोटीत बसली. १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्क बंदरातलं एलिस बेटावरचं नवं केंद्र सुरू झालं आणि तिथून अमेरिकेत पाऊल ठेवणारी पहिली व्यक्ती ठरली अ‍ॅनी! अधिकाऱ्यांनी तिच्या हातावर दहा डॉलरचं सोन्याचं नाणं ठेवलं. पुढे १९५४ पर्यंत सुमारे १ कोटी २० लाख माणसं याच दारातून आली.

मग अ‍ॅनीचं काय झालं? ती टेक्सासला गेली, तिथंच संसार थाटला आणि १९२३ मध्ये ट्रामच्या अपघातात वारली, असं कितीतरी वर्षं सांगितलं जाई. टेक्सासचं एक कुटुंब तिला मनापासून आपली आजी मानत होतं. समारंभांना त्यांना मानानं बोलावणंही येई.

२००६ मध्ये वंशावळींच्या अभ्यासक मेगन स्मोलेन्याक यांनी हा घोळ उघडकीला आणला. टेक्सासची अ‍ॅनी जन्मली होती अमेरिकेतच, इलिनॉयमध्ये! नाव तेवढं एक. खरी अ‍ॅनी न्यूयॉर्कमध्येच राहिली होती. पण लग्नानंतर ‘मूर’ची ‘शायर’ झालेली बाई कागदोपत्री सापडणार कशी? माग लागला तो धाकट्या फिलिपच्या नागरिकत्वाच्या कागदावरून.

अ‍ॅनीचा नवरा जोसेफ मासळी बाजारात विक्रीचं काम करायचा. गरीब वस्तीतला संसार, किमान अकरा बाळंतपणं आणि त्यातली पाचच मुलं मोठी झाली. १९२४ मध्ये, पन्नाशीतच, हृदयविकारानं ती गेली. तान्हेपणी गेलेल्या लेकरांजवळच तिला पुरलं. वर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो बसला २००८ साली.

टेक्सासच्या गोष्टीत नाट्य होतं, खऱ्या अ‍ॅनीच्या वाट्याला नुसते कष्ट. पण त्या दारातून आलेल्या कितीतरी बायका अशाच जगल्या. तुमच्या पणजीचं माहेरचं नाव ठाऊक आहे? नसेल तर घरातल्या थोरल्यांना आजच विचारा आणि लिहून ठेवा.