गोठ्यापर्यंत पोचलेला माणूस : मणिभाई देसाई

वसई-विरारच्या शेतकरी बंधूंनो, गाय माजावर आली अन् दवाखाना लांब, ही अडचण तुम्हाला नवी नाही. माज जेमतेम दिवसभर टिकतो. हुकला की २१ दिवस थांबा! मणिभाई देसाईंनी हेच दुखणं ओळखलं.

सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावी २७ एप्रिल १९२० रोजी त्यांचा जन्म. विज्ञानाचे पदवीधर, पण १९४२ च्या लढ्यात उतरले. १९४६ साली गांधीजींनी पुणे जिल्ह्यात उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम काढला. तिथंच आयुष्य घालवण्याचा शब्द मणिभाईंनी दिला अन् शेवटपर्यंत पाळला. आश्रमाच्या गोठ्यात त्यांनी गीर गाई जोपासल्या. निवड, चारा अन् निगा चांगली असली की दूध वाढतं, हे करून दाखवलं.

पण गरिबाच्या दारातल्या गाईचं काय? त्यासाठी १९६७ साली ‘बाएफ’ संस्था उभी केली. जर्सी, होल्स्टिन वळूंचं गोठवलेलं वीर्य घेऊन संस्थेची माणसं थेट गोठ्यात जाऊ लागली. गाईला नेण्याचा हेलपाटा वाचला, संकरित कालवडी दारात वाढल्या.

१९८२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी ते गेले. त्यांची आठवण ठेवायची, तर माजाची तारीख वहीत लिहा आणि वेळेवर निरोप धाडा.