एकही प्रत न खपलेला लेखक

आपल्या कॉलेजात कुणी लिहितो असं कळलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. पुस्तक काढलंस का? आणि किती खपलं? मला हे प्रश्न हॉस्टेलवर विचारून झालेत, कॅन्टीनमध्ये विचारून झालेत, एवढंच काय, गणपतीत घरी आलेल्या काकांनीही विचारून झालेत. त्यात त्यांचं काही चुकतं असंही नाही. आपण सगळे मार्क आणि पॅकेज मोजणारी माणसं. ज्याला आकडा नाही ते आपल्याला यश वाटतच नाही.

म्हणून मी तुम्हाला अशा एका लेखकाची ओळख करून देणार आहे, ज्याच्या पुस्तकाची त्याच्या हयातीत एकही प्रत विकली गेली नाही. पुस्तक अर्धवट राहिलं ते वेगळंच! तरीही 19 फेब्रुवारीला आपल्याला जी सुट्टी मिळते, त्यात या माणसाचा मोठा वाटा आहे. त्याची समाधी इथून फार लांब नाही. महाडहून गोव्याच्या दिशेने निघालं की तासाभराच्या आतच पोलादपूर येतं, तिथे. नाव कवींद्र परमानंद.

आपल्याकडे पोलादपूर म्हटलं की आंबेनळी घाट, प्रतापगड आणि तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ आठवतं. तलवार चालवणाऱ्यांची ठिकाणं आपल्याला पाठ असतात. लेखणी चालवणारा मात्र कुणाच्या सहलीच्या यादीत नसतो. मीही त्या रस्त्याने कितीतरी वेळा एस्टीने गेलोय, पण परमानंदांचं नाव आधी वाचलं ते लायब्ररीतल्या एका पुस्तकात.

परमानंद हे मूळचे नेवाशाचे, म्हणून त्यांना नेवासकर म्हणतात. वडिलांचं नाव गोविंद. संस्कृतचे मोठे पंडित आणि शिवाजी महाराजांच्या पदरचे कवी. महाराज 1666 साली आग्र्याला गेले, त्या काळातल्या राजस्थानी पत्रांतही कवी परमानंदांचा उल्लेख सापडतो. म्हणजे हा नुसता घरात बसून लिहिणारा माणूस नव्हता. आपलं चरित्र लिहावं असं महाराजांनीच सांगितलं, असं ते स्वतः काव्याच्या सुरुवातीला नोंदवतात. त्यातून तयार झालं शिवभारत. रचना अशी की काशीचे पंडित गंगेच्या काठी परमानंदांना प्रश्न विचारतात आणि ते मालोजीराजांपासून कथा सांगत जातात. महाभारतात असते ना, तशीच.

आता गंमत पाहा. आज आपण ज्याला यशस्वी पुस्तक म्हणतो, त्याच्या कुठल्याच कसोटीला हे पुस्तक उतरत नाही. भाषा संस्कृत, म्हणजे वाचक मोजकेच. त्याच काळात कवी भूषण ब्रज भाषेत महाराजांवर लिहीत होते. त्यांचे छंद लोकांच्या तोंडी बसले, आजही स्टेजवरून गाजतात. शिवभारताच्या नशिबी ते नव्हतं. शिवाय ते पूर्णही झालं नाही. 31 अध्याय आणि 32 व्याचे थोडे श्लोक, एवढंच आपल्या हाती आहे. गोष्ट 1661 च्या आसपास येऊन थांबते. आग्र्याहून सुटका त्यात नाही. आपल्या रायगडावर 1674 साली झालेला राज्याभिषेकही नाही! चरित्रकाराला याहून मोठा प्रसंग कुठला मिळणार होता? आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोजेक्ट सबमिट झालाच नाही.

त्यानंतर हे काव्य तंजावरला, भोसले राजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात पोथीच्या रूपात राहिलं. दोन शतकांहून जास्त काळ महाराष्ट्रातल्या वाचकांना त्याचा पत्ताच नव्हता. शेवटी स. म. दिवेकर यांनी 1927 साली ते मराठी भाषांतरासह पुण्यातून छापलं. हे तेच वर्ष, ज्या वर्षी महाडात चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला.

तेव्हा महाराजांच्या जन्मतारखेवरून मोठा वाद चालू होता. जुनी समजूत अशी की जन्म 1627 चा. त्या हिशोबाने 1927 मध्ये तीनशेवी जयंतीही साजरी झाली. पण 1916 साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली छापली होती. तिच्यात वेगळी तिथी होती: शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. एकाच कागदावर विश्वास कसा ठेवायचा? टेस्टचं रीडिंग एकदा आलं म्हणून आपण तरी कुठे धरतो! शिवभारत छापून आलं आणि त्यात नेमकी हीच तिथी निघाली. ही नोंद महाराजांच्या जवळच्या माणसाची होती, आणि तिचा जेध्यांच्या शकावलीशी काही संबंध नव्हता. पुढे राजस्थानात सापडलेल्या कुंडलीनेही तेच सांगितलं. महाराष्ट्र शासनाने 2001 साली ही तारीख स्वीकारली. आज शिवजयंती तारखेने करायची की तिथीने, यावरून दरवर्षी वाद होतो. पण 19 फेब्रुवारी धरा नाहीतर फाल्गुन वद्य तृतीया धरा, दोन्हींच्या मागे तोच जन्मदिवस आहे, परमानंदांनी श्लोकात लिहून ठेवलेला.

एवढंच नाही. खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत 1661 साली कारतलबखानाला कसं कोंडीत पकडलं, हे आपल्याला मुख्यतः शिवभारतामुळे कळतं. अफझलखानाच्या प्रसंगाला तर त्यांनी कितीतरी अध्याय दिले आहेत. ते पुस्तक नसतं तर आपल्याच जिल्ह्यातली एक लढाई कदाचित दंतकथा होऊन राहिली असती.

आता कुणी म्हणेल, राजाच्या पदरचा कवी, तो कौतुकच करणार! बरोबर आहे. परमानंद महाराजांना विष्णूचा अवतार म्हणतात, शत्रूची वर्णनं रंगवून करतात. इतिहासकार ते पुस्तक तावूनसुलाखूनच वापरतात. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हेच. स्तुती ज्यांच्यासाठी होती ती माणसं गेली, दरबार गेला, संस्कृत कळणारेही कमी झाले. कामाला आली ती एका प्रामाणिक माणसाने नीट नोंदवलेली तिथी, वाट, खिंड, माणसांची नावं. अलंकार वाचून लोक डोलले असतील, पण नोंद टिकली.

माझ्यापुरतं मी यातून एक माप घेतलंय. 22 जुलै 2021 च्या पुरात महाडच्या कुठल्या गल्लीत पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलं, ते किती वाजता वाढलं, 2005 च्या पुरापेक्षा किती वर होतं, हे मी म्हाताऱ्या माणसांना, दुकानदारांना विचारून एका वहीत लिहितोय. कथा नाही, कविता नाही. प्रकाशक मिळणार नाही हे मला माहीत आहे. पण उद्या सावित्रीच्या काठी कुणी पूल, भिंत किंवा शाळा बांधायला घेईल, तेव्हा त्याला हे आकडे लागतील. तो कोण असेल, कधी येईल, मला कळणारही नाही. परमानंदांना तरी दिवेकर कुठे माहीत होते?

तेव्हा लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, वह्या बंद करू नका. एक गोष्ट खरी आणि नीट लिहा, कुणाला तरी ती लागेल अशी लिहा. आणि पुढच्या वेळी प्रतापगडला निघालात तर पोलादपुरात दहा मिनिटं थांबा. समाधी कुठे ते विचारा. एका लेखकाला नमस्कार करून मग घाट चढा.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी