सूरश्री केसरबाई केरकर : विद्या मागून घेणारी गायिका

भगिनींनो, आपल्या मंडळात भजनाला बसणाऱ्या पुष्कळजणी आहेत. आपल्याच जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईंचा वारसा सांगणाऱ्या आपण. जात्यावरच्या ओव्या ऐकतच आपण वाढलो. गळा देवाने दिला आहे. पण मला गाणे शिकायचे आहे, हे चार शब्द घरात उच्चारायला मात्र धीर होत नाही. आपल्याला कोणीतरी विचारील, अशी वाट पाहण्यात वर्षे निघून जातात. म्हणून वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत, वाट पाहत न बसता विद्या मागून घेणाऱ्या एका थोर गायिकेची ओळख करून देत आहे.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यातील केरी या खेड्यात झाला. ज्या कलावंत समाजात त्या जन्मल्या, त्यातील स्त्रियांना गाणे होते, पण मानाचे स्थान नव्हते. आठव्या वर्षी त्या कोल्हापुरास आल्या आणि तेथे अब्दुल करीम खाँसाहेबांपाशी सुमारे आठ महिने शिकल्या. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे लामगावला येत, तेव्हा त्यांची तालीम मिळे. बुवांचा मुक्काम हलला की शिक्षण थांबे. सोळाव्या वर्षाच्या सुमारास कुटुंब मुंबईस आले. तेथे सितारवादक बरकतउल्ला खाँ आणि पुढे गायनाचार्य भास्करबुवा बखले यांच्याकडून त्यांनी विद्या घेतली. पण तीही थोडथोडा काळच. गुरू चार झाले, तरी शिक्षण तुकड्यातुकड्यांनी झाले.

अशा वेळी दुसरी एखादी समाधान मानून राहिली असती. खाजगी मैफली होत होत्या, नाव होऊ लागले होते. पण आपल्या गाण्यात काय उणे आहे, हे केसरबाईंना स्वतःला कळत होते. ते उणे भरून काढील असा एकच पुरुष त्यांना दिसत होता. ते म्हणजे जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब. खाँसाहेब तेव्हा कोल्हापूर दरबारी होते, वय पासष्टीच्या घरात. ते सहजासहजी कोणाला शिष्य करीत नसत. केसरबाईंनी मोठ्या रसिकांमार्फत शब्द टाकला, पुनःपुन्हा टाकला. अखेर होकार आला, पण शर्ती कडक होत्या. गंड्याची घसघशीत रक्कम, दरमहा ठरलेला पगार आणि निदान दहा वर्षे शिक्षण सोडायचे नाही, अशा त्या शर्ती सांगितल्या जातात. केसरबाईंनी त्या मान्य केल्या. १९२१ मध्ये गंडाबंधन झाले.

त्या वेळी त्यांचे वय अठ्ठावीस होते, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. लोक आपल्याला गायिका म्हणून ओळखत असताना पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ करायचा, याला मन मोठे लागते. एकेक पलटा दिवसेंदिवस घोटावा लागे. खुला आकार, लांब दमसास, लयीशी गुंफलेली तान आणि अनवट राग, ही त्या घराण्याची विद्या त्यांनी कित्येक तासांच्या रोजच्या मेहनतीने गळ्यात उतरवली. १९३० च्या सुमारास त्या मैफली गाजवू लागल्या, तरी तालीम सुटली नाही. १९४६ साली खाँसाहेब पैगंबरवासी होईपर्यंत त्या शिकतच राहिल्या.

पुढे मान आपसूक चालत आले. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यांचे गाणे वाखाणले. कलकत्त्याच्या रसिकांनी १९४८ मध्ये त्यांना सूरश्री ही पदवी दिली. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६९ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७७ साली अमेरिकेने अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांतील सुवर्ण तबकडीवर त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला बाईंनी देह ठेवला.

बाईंचा स्वभाव करारी होता आणि विद्या देताना हात आखडता असे. उतारवयात कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी यांनी आपण होऊन विचारणा केली, तेव्हा बाईंनी त्यांना शिकवले. मागणाऱ्या बाईच्या दारी पुढे मागणारी आली, आणि ती विद्या आणखी एक पिढी टिकली.

आता एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. केसरबाईंच्या पाठीशी मुंबईतील धनिक रसिक होते, म्हणून त्या शर्ती त्यांना पेलल्या. नुसत्या धिटाईने गुरूची दक्षिणा भागत नाही. कितीएक मुलींनी मागितले असेल आणि परिस्थितीपुढे त्या परत फिरल्या असतील. आपल्या झरीतील मुलीच्या पाठीशी कोण आहे? परभणीला शिकायला जायचे तर एस. टी. चे भाडे लागते, सोबत लागते, घरच्यांची समजूत घालावी लागते. ही तिन्ही कामे मंडळाला करता येण्याजोगी आहेत.

तेव्हा भगिनींनो, ज्यांना शिकायचे आहे त्यांनी संकोच सोडून तोंड उघडावे. आणि ज्यांच्याकडे कोणी मागेल, त्यांनी तिला रिकाम्या हाती परत पाठवू नये. येत्या वर्षात एका जरी मुलीच्या हाती मंडळाने तानपुरा दिला, तरी केसरबाईंचे हे स्मरण सार्थकी लागले असे होईल.