ब्रायन क्लफ : एक हट्टी प्रशिक्षक आणि त्याचा जोडीदार

२००४ सालची चवथ १८ सप्टेंबरला होती. तिसऱ्या दिवशी, २० सप्टेंबरला, इंग्लंडमध्ये डर्बीच्या इस्पितळात ब्रायन क्लफ वारला. माटोळीखाली बसून वर्तमानपत्र चाळताना क्रीडा पानावर ती बातमी मी वाचली. घरात पाहुण्यांची गडबड होती, कोणाला सांगावं तर क्लफ म्हणजे कोण, इथपासून सुरुवात. ते सांगायचं राहिलं होतं, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगतो. भात कापलेल्या शेतात अनवाणी फुटबॉल खेळून मोठे झालेले आपण गोंयकार. ही गोष्ट आपल्याला कळायला कठीण नाही.

क्लफचा जन्म २१ मार्च १९३५ रोजी मिडल्सबरो या पोलाद कारखान्यांच्या गावात झाला. घरात भावंडं पुष्कळ, वडील गोळ्या-मिठाईच्या कारखान्यात कामाला. अकराव्या वर्षी द्यायची शालेय परीक्षा तो नापास झाला आणि पंधराव्या वर्षी शाळाच सुटली. डिप्लोमाच्या जोरावर सरकारी खात्यात चिकटलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून जरा धीर येतो.

पण गोल मारणं ही त्याची विद्या होती. मिडल्सबरो आणि सुंदरलँड या दोन क्लबांकडून २७४ लीग सामन्यांत त्याने २५१ गोल केले. २६ डिसेंबर १९६२ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, गोठलेल्या मैदानावर गोलकीपरशी टक्कर झाली आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. त्या काळी अशा दुखण्यावर खात्रीचा इलाज नव्हता. एकोणतिसाव्या वर्षी खेळ संपला. त्याच्या स्वभावातला कडवटपणा आणि घाई तिथूनच आली असावी, असं मला वाटतं.

१९६५ साली हार्टलपूल्स या तळाच्या क्लबने त्याला मॅनेजर केलं. इंग्लंडमध्ये मॅनेजर म्हणजे खेळाडू विकत घेण्यापासून संघ उतरवण्यापर्यंत सगळं पाहणारा माणूस. क्लफने सोबत आणला पीटर टेलर, मिडल्सबरोतला जुना सहकारी गोलकीपर. टेलरची नजर पारखी होती. कुठल्या गल्लीत कुठला हिरा पडलाय ते तो हेरायचा आणि क्लफ त्या हिऱ्याला पैलू पाडायचा. क्लबकडे पैसा इतका कमी की क्लफने संघाची बस चालवण्याचा परवानाही काढला होता.

१९६७ साली ही जोडी डर्बी काउंटीत आली. दुसऱ्या श्रेणीत अडकलेला संघ दोन वर्षांत वर चढला आणि १९७२ साली इंग्लंडचा विजेता झाला. लीड्स, लिव्हरपूल आणि मँचेस्टर सिटी, तिघेही फक्त एका गुणाने मागे राहिले. निकाल लागला तेव्हा डर्बीचे खेळाडू टेलरबरोबर सुट्टीवर होते आणि क्लफ कुटुंबासह दुसरीकडेच. पुढच्या वर्षी युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल गेली. पण टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांत क्लफची जीभ कोणालाच सोडत नसे. क्लबच्या अध्यक्षांशी खटके उडाले आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये दोघांनी राजीनामे दिले. ते परत यावेत म्हणून खेळाडू आणि प्रेक्षक भांडले, उपयोग झाला नाही.

मग ब्रायटनमध्ये थोडे महिने काढून क्लफने मोठी चूक केली. ज्या लीड्स युनायटेडला तो वर्षानुवर्षं रडीचा डाव खेळणारा संघ म्हणून हिणवत आला, त्याच लीड्सची नोकरी १९७४ साली स्वीकारली. टेलर या वेळी सोबत गेला नाही. पहिल्याच भेटीत क्लफने त्या नावाजलेल्या खेळाडूंना त्यांची पदकं कचऱ्यात टाकायला सांगितलं. कोण ऐकून घेईल? चव्वेचाळिसाव्या दिवशी त्याला घरी पाठवण्यात आलं.

जानेवारी १९७५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट हा दुसऱ्या श्रेणीतला मधलाच संघ त्याच्या हाती आला. दीड वर्षाने, १९७६ च्या उन्हाळ्यात, टेलर येऊन मिळाला आणि चक्रं फिरली. १९७७ मध्ये संघ वर चढला, १९७८ मध्ये थेट इंग्लंडचा विजेता. लीगचे सलग ४२ सामने हरला नाही. हा विक्रम आर्सेनलने मोडला तो ऑगस्ट २००४ मध्ये, क्लफच्या मृत्यूच्या जेमतेम महिनाभर आधी.

संघ कसला, तर इतरांनी नाकारलेल्यांचा! भांडखोर म्हणून बदनाम असलेला केनी बर्न्स फॉरवर्ड होता, त्याला बचावात उभा केला आणि तो वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जाडसर, आळशी दिसणारा जॉन रॉबर्टसन डावीकडून जादू करू लागला. १९७९ साली म्युनिकला रॉबर्टसनच्या क्रॉसवर दहा लाख पौंडांच्या ट्रेव्हर फ्रान्सिसने डोकं लावलं आणि फॉरेस्टने युरोपियन चषक जिंकला. १९८० साली माद्रिदला हॅम्बर्गविरुद्ध रॉबर्टसनच्याच गोलवर पुन्हा तोच चषक. देशाचं अजिंक्यपद एकदा आणि युरोपचं दोनदा, असा हा विलक्षण क्लब.

क्लफ देवमाणूस नव्हता. जस्टिन फॅशानू या खेळाडूला समलिंगी असल्याच्या कुजबुजीवरून त्याने फार वाईट वागवलं. १९८९ साली मैदानात घुसलेल्या प्रेक्षकांना थोबाडीत मारल्या. दारूने तर त्याला आतून पोखरलं. १९९३ साली फॉरेस्ट खालच्या श्रेणीत घसरला आणि क्लफ निवृत्त झाला. दहा वर्षांनी त्याच्यावर यकृतरोपण करावं लागलं.

पण मला सगळ्यात चटका लावते ती वेगळीच गोष्ट. टेलर १९८२ साली फॉरेस्ट सोडून पुढे डर्बीचा मॅनेजर झाला. १९८३ मध्ये क्लफ बाहेरगावी असताना, त्याला न सांगता, टेलरने रॉबर्टसनला डर्बीसाठी करारबद्ध केलं. एवढ्यावरून दोघांची बोलचाल बंद. सात वर्षं, एकाच भागात राहून, एक शब्द नाही. ऑक्टोबर १९९० मध्ये टेलर वारला. क्लफ अंत्यसंस्काराला गेला, रडला, आणि पुढे आपलं आत्मचरित्र टेलरला अर्पण केलं. पण ऐकायला टेलर कुठे होता?

आज डर्बी आणि नॉटिंगहॅम जोडणाऱ्या रस्त्याला क्लफचं नाव आहे. डर्बीच्या स्टेडियमबाहेर मात्र पुतळा दोघांचा आहे, शेजारी शेजारी उभे.

माझाही एक मित्र होता, आमच्या वाड्यावरच्या संघात मी गोलकीपर आणि तो पुढे. कारण सांगायला लाज वाटावी इतक्या किरकोळ गोष्टीवरून आमचं बरीच वर्षं बोलणं नव्हतं. गेल्या चवथीला मी त्याच्या घरी आरतीला गेलो. तो काही बोलला नाही, फक्त घुमट माझ्याकडे सरकवलं. यंदा तो आमच्याकडे येणार आहे.