प्रेमचंद रायचंद : भाव आणि मोल

भोकरदनच्या काळ्या मातीत पिकणाऱ्या कापसाचा भाव परदेशातील घडामोडींवर हलतो, हे आज शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. या नात्याने मुंबईला प्रथम वेड लावले ते १८६१ ते १८६५ या काळात. त्या वेडाचे नायक होते प्रेमचंद रायचंद.

१८३१ साली सुरतेत जन्मलेले प्रेमचंद वडिलांबरोबर मुंबईस आले. इंग्रजी जाणणारे पहिले देशी शेअर दलाल अशी त्यांची ख्याती होती. अमेरिकेत यादवी पेटली, तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. तो जिरवण्यासाठी बँका, वित्तसंस्था, समुद्र हटवणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीचा ५ हजार रुपये भरलेला शेअर ५० हजारांच्या घरात गेला. बॉम्बे बँकेने शेअरच्या तारणावर कर्जे दिली आणि त्या पैशातून पुन्हा शेअरच घेतले गेले. भाव तारणावर उभा, तारण भावावर उभे. खाली जमीन नव्हतीच.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध आटोपले, कापूस उतरला. १ जुलैला वायदे पुरे होईनात. असंख्य घरे बुडाली, प्रेमचंदही कोसळले. १८६८ मध्ये बॉम्बे बँक गुंडाळली गेली. प्रेमचंद मात्र पुन्हा व्यापारात उभे राहिले. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले. तेजीच्या दिवसांत त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून मातेच्या नावे उभा राहिलेला राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला.

त्यांच्या आयुष्याचा धडा छोट्या कंपन्यांच्या भागधारकांना आजही लागू पडतो. कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेण्याची वाट भारतात १९९८ च्या अध्यादेशाने, मर्यादांसह, खुली झाली. शिल्लक नफ्यातून, रास्त भावाने केलेली पुनर्खरेदी उरलेल्यांचा वाटा वाढवते. धंद्याला लागणारी गंगाजळी त्यात गेली, तर फक्त भाव काही दिवस सावरतो. आणि जिथे रोजचे व्यवहारच तुरळक, तिथे तो सावरणे सोपे असते. एक रुपयाचे दहा शेअर मिळून दहा रुपयांचा एक झाला, तर भावाचा आकडा दसपट दिसतो, गुंतवणूकदाराची पुंजी मात्र तेवढीच राहते.

बॅकबेच्या शेअरवरही आकडा मोठाच होता. त्यामागे धंदा किती, हे विचारायचे तेवढे राहून गेले.