अबोल बॅरिस्टर

शाळेच्या जलशात तकरीर करण्यासाठी तुमचे नाव पुकारले जाते. तुम्ही मंचावर जाता. समोर सगळी शाळा बसलेली असते. काल रात्री पाठ केलेले पहिले वाक्यच नेमके आठवत नाही. घशाला कोरड पडते, पाय लटपटू लागतात. त्यातून भाषण मराठीत करायचे असेल, तर विचारूच नका! तुमच्यापैकी अनेकांना हा अनुभव आला असेल. ज्यांच्या हाकेसरशी पुढे हजारो लोक तुरुंगात गेले, त्या महात्मा गांधींचेही असेच होत असे. आणि तेही एकदा नव्हे, अनेकदा.

मोहनदास गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. लहानपणी ते फार लाजाळू होते. घंटेच्या वेळी शाळेत पोहोचायचे आणि शाळा सुटली की घराकडे धूम ठोकायची, असा त्यांचा नेम होता. वाटेत कोणी बोलेल, थट्टा करील, अशी त्यांना भीती वाटे. १८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी ते विलायतेला निघाले, तेव्हा राजकोटच्या हायस्कूलने त्यांना निरोप दिला. आभाराचे चार शब्द त्यांनी कागदावर लिहून नेले होते. ते वाचतानाही त्यांचे डोके गरगरू लागले आणि अंग कापू लागले.

लंडनमध्ये ते शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर निवडून आले. बैठकीला ते नेमाने जात, पण तोंड उघडत नसत. एकदा एका सभासदाला, केवळ त्याची मते वेगळी आहेत म्हणून, मंडळातून काढण्याचा ठराव आला. हा अन्याय आहे असे गांधीजींना मनापासून वाटत होते. त्यांनी आपले म्हणणे लिहून नेले. परंतु ते वाचण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. अखेर अध्यक्षांनी ते दुसऱ्याकडून वाचून घेतले. स्वदेशी परतण्यापूर्वी त्यांनी मित्रांना मेजवानी दिली, तेव्हाही हीच कथा. ॲडिसन नावाच्या इंग्रज लेखकाचे पार्लमेंटमधील पहिले भाषण कसे फसले, हा किस्सा सांगून सर्वांना हसवायचे असे त्यांनी ठरवले होते. पण किस्सा अर्ध्यावरच राहिला आणि पुढचे काहीच आठवेना. गंमत पाहा, फसलेल्या भाषणाची गोष्ट सांगतानाच त्यांचे भाषण फसले!

१८९१ साली गांधीजी बॅरिस्टर होऊन परत आले आणि काही महिन्यांसाठी मुंबईत राहिले. बॅरिस्टरचे सारे काम बोलण्याचे. स्मॉल कॉज कोर्टात त्यांना पहिला खटला मिळाला. फी होती तीस रुपये. ममीबाई नावाच्या प्रतिवादीची बाजू त्यांना मांडायची होती. समोरच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेण्यासाठी ते उभे राहिले. उभे राहिले खरे, पण एकही प्रश्न सुचेना. सारे कोर्ट आपल्याभोवती फिरत आहे असे त्यांना वाटू लागले. ते खाली बसले. आपल्याकडून हे काम होणार नाही, फी परत घ्या आणि दुसरा वकील पाहा, असे त्यांनी पक्षकाराच्या माणसाला सांगितले. त्याने एक्कावन्न रुपये देऊन पटेल नावाचे वकील केले. गांधीजी इतके शरमले होते की खटल्याचा निकाल काय लागला, हे पाहायलाही ते थांबले नाहीत.

१८९३ साली दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या कामासाठी गांधीजी दक्षिण आफ्रिकेत गेले. पहिल्या वर्गाचे तिकीट असूनही, केवळ काळा माणूस म्हणून, पीटरमारित्झबर्ग स्टेशनवर त्यांना गाडीतून उतरवून दिले गेले. थंडीत कुडकुडत त्यांनी ती रात्र काढली. प्रिटोरिया शहरात पोहोचल्यावर काही दिवसांतच त्यांनी तेथील हिंदी लोकांची सभा बोलावली. सभा हाजी महंमद हाजी जुसब या व्यापाऱ्याच्या घरी भरली. आलेले बहुतेक लोक मेमन व्यापारी होते, थोडे हिंदू होते. गांधीजींनी विषयाची तयारी नीट केली होती. व्यापारात खरे बोलून भागत नाही, असे व्यापारी म्हणत. गांधीजींनी ते खोडून काढले. आपसांतले भेद विसरा, एक संघटना करा आणि आपली गाऱ्हाणी सरकारपुढे मांडा, असे त्यांनी सुचवले. ज्यांना इंग्रजी शिकायचे असेल, त्यांना शिकवण्याची तयारीही दाखवली. मग एक न्हावी, एक कारकून आणि एक लहान दुकानदार असे तिघे त्यांचे विद्यार्थी झाले. गांधीजी स्वतः त्यांच्याकडे जाऊन शिकवत.

या सभेला गांधीजींनी आपले आयुष्यातील पहिले भाषण मानले आहे. मुंबईच्या कोर्टात ज्यांना एक प्रश्न सुचला नाही, त्यांना येथे शब्द कसे सापडले? मला वाटते, आपण कसे दिसतो, लोक हसतील काय, याचा विचार करायला त्या दिवशी त्यांना सवडच नव्हती. लोकांचे दुःख त्यांनी स्वतः भोगले होते आणि ते बोलणे भागच होते.

परंतु भीती एका सभेने पळाली नाही. १८९६ साली ते हिंदुस्थानात आले, तेव्हा मुंबईत फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटच्या सभागृहात त्यांची सभा झाली. अध्यक्षस्थानी सर फिरोजशहा मेहता होते. त्यांनी गांधीजींना भाषण आधी लिहायला लावले आणि ते छापूनही घेतले. सभागृह गच्च भरले होते. गांधीजी वाचू लागले, पण आवाज पुढे जाईना. मोठ्याने बोला, असे फिरोजशहा सांगत. तसतसा त्यांचा आवाज अधिकच बसत गेला. शेवटी दिनशा वाच्छा यांनी ते भाषण वाचून दाखवले. लोकांनी ते शांतपणे, टाळ्या वाजवत ऐकले. आवाज वाच्छांचा होता, पण आफ्रिकेतील हिंदी लोकांची हकीकत मुंबईकरांपर्यंत पोहोचली आणि गांधीजींना आनंद झाला. चांगले लिहून ठेवले होते म्हणून हे जमले, हे विसरू नका.

१९०१ साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनातही फार वेगळे घडले नाही. अध्यक्ष होते तेच दिनशा वाच्छा. बोलण्यासाठी पाच मिनिटे मिळाली होती. दोन मिनिटे उरली, अशी सूचना देणारी घंटा वाजली. वेळ संपली असे समजून गांधीजी मनात खट्टू झाले आणि लगेच खाली बसले.

पुढे गांधीजी शेकडो सभांत बोलले. त्यांचा आवाज कधी पहाडी झाला नाही. हातवारे नाहीत, आरडाओरड नाही. साधी, बेताची वाक्ये. बुजरेपणामुळे आपण शब्द जपून वापरायला शिकलो, असे ते मानत.

नोव्हेंबर १९१९ मध्ये दिल्लीत खिलाफत परिषद भरली होती. समोर दिल्लीचे मुसलमान, ज्यांची उर्दू साऱ्या देशात नावाजलेली. मौलाना हसरत मोहानी यांच्यासारखे शायर आणि वक्ते तेथे हजर होते. गांधीजींना मात्र मोडकीतोडकी हिंदीच येत होती. आपण येथे अचूक उर्दू ऐकवायला आलेलो नाही, आपला विचार सांगायला आलो आहोत, असे मनाशी ठरवून ते बोलू लागले. सरकारला कोणत्याही कामात साथ द्यायची नाही, हा तो विचार. पण त्यासाठी ना हिंदी शब्द सुचे, ना उर्दू. ते थोडे अडखळले. शेवटी त्यांनी सरळ इंग्रजी शब्द वापरला, नॉन-कोऑपरेशन, आणि भाषण पुढे चालू ठेवले. त्या शब्दाला नंतर उर्दूत तर्के मवालात म्हणू लागले आणि मराठीत असहकार.